माल नंबर एक: निवटी

लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळालं असेल त्यांचं. माझं आपलं खाडीतच होतं, चिखलात, चांगलं जिवंत.

गेल्या वर्षी एका दुपारी कल्याणच्या कॉलेजातले माझे तास शिकवून घरी आले, पंखा लावला आणि फोन उघडला, तर एका जुन्या गिऱ्हाइकाने एक पुस्तक पाठवलेलं. शीळ रोडच्या आतल्या एका गावात त्यांचा पत्रा कापायचा कारखाना आहे. पुस्तक म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीचा इतिहास, रंगीत फोटोंसकट. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेला. खाली त्यांनी लिहिलेलं, पान सात बघा, निवटीचा हा अर्थ आपल्याला नवीन आहे.

ही कंपनी छोट्या कारखान्यांना मालाचा हिशोब ठेवायचा प्रोग्राम विकते. कुठला माल आला, किती वापरला, किती उरला, एवढंच. आता ठाण्यात काचेचं ऑफिस आहे, खाली सिक्युरिटीवाला नाव विचारतो. त्या कंपनीचा पहिला प्रोग्राम मी लिहिला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या अख्ख्या पुस्तकात ते कुठेही नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं त्यानेच केलेलं. त्याला प्रोग्राम सुचला, त्याने रात्री जागवल्या, त्याने कारखाने पालथे घातले. एका फोटोत मी होते. म्हणजे माझं कोपर होतं, बाकीची मी कापलेली.

तो म्हणजे माझा वर्गमित्र. डोंबिवली पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं एका मशीनवर बसायचो, कारण मशीन कमी आणि पोरं जास्त. तो पूर्वेचा, मी पश्चिमेची, अगदी खाडीकडची. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणारे. माझी आई बाजारात मच्छी विकायला बसायची आणि मला कॉम्प्युटर शिकवते म्हणून सगळ्या गल्लीत मिरवायची. तो बोलायचा छान, शुद्ध, कुठेही न अडखळता. मी 'पानी' म्हटलं की तो हसून 'पाणी' म्हणायचा. त्या वयात मला ते शिकवणं वाटायचं. मी पण वेडीच.

धंदा काढायचा हे आमचं दोघांचं ठरलं. बोलायचं त्याने, लिहायचं मी. ऑफिस म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या ब्लॉकमधली बाहेरची खोली. एमआयडीसीतले कारखाने आम्ही दोघं फिरलो. तो मालकाशी केबिनमध्ये बसायचा, मी आत स्टोअरमध्ये उभी राहून लोक कसे बोलतात ते ऐकायचे. तिथे कोणी 'आवक' म्हणत नव्हतं, 'जावक' म्हणत नव्हतं. "माल आला का रे? किती गेला? उरला किती?" असं बोलायचे. मी स्क्रीनवर तीन बटणं केली: आला, गेला, उरला. त्याने नाक मुरडलं, हे काय गावठी, म्हणाला. मग पहिल्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरने कोणी न शिकवता स्वतःच बटणं दाबली, आणि साहेबांनी बटणं तशीच ठेवली. पुस्तकात पान चारवर लिहिलंय की हे तीन शब्द त्याला आजोबांच्या बोलण्यातून सापडले. आजोबा रेव्हेन्यूत होते. ते 'उरला' म्हणाले असतील तर मी मिशी लावून फिरेन.

तर निवटी. माझा डबा आई द्यायची. पहिल्याच दिवशी दुपारी मी त्या खोलीत डबा उघडला. आत निवट्यांचं कालवण. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा. बोटाएवढा, डोळे डोक्यावर, चिखलावर टुणटुण उड्या मारतो, पाण्यातही जगतो आणि बाहेरही. चव विचारू नका. मी झाकण काढलं आणि आतून त्याची आई बाहेर आली, पदर नाकाला लावून. नुसतं त्याच्याकडे बघून आत गेली. मग तो म्हणाला, "अगं, आमच्यात चालत नाही. तू जिन्यात बसून खाशील का?"

मी जिन्यात बसून जेवले. तो दिवस आणि पुढची सगळी वर्षं. येणारेजाणारे पाय बाजूला घे म्हणायचे, मी घ्यायचे. आई घरी विचारायची, साहेबाच्या घरची मानसं चांगली हायत ना? मी हो म्हणायचे. भाजीपोळीचा डबा न्यायचा पर्याय होता. नाही नेला. का न्यायचा?

पण मी काय गरीब गाय नव्हते. त्या पहिल्याच दुपारी जेवून वर आले, हात धुतले, मशीनसमोर बसले. प्रोग्रामला मालाची यादी लागते आणि यादीत पहिलं नाव कुठलंतरी घालावं लागतं. मी घातलं: माल नंबर एक, निवटी. डब्यात नको ना तुम्हाला? मग घ्या, मशीनमध्ये घालते. तिथे वास येत नाही. तो मागून आला, वाचलं, हे काय म्हणाला. टेस्टिंगचं आहे, म्हटलं. बरं, म्हणाला. विचारलं नाही, कारण आपल्याला एखादा मराठी शब्द माहीत नाही हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

पुढे त्या नंबर एकवर मी बरंच काही रचलं. कारखान्यात असा माल खूप असतो ज्याला धड नाव नसतं. कापलेले तुकडे, उरलेले नटबोल्ट, कोणीतरी आणून टाकलेली सळई. असं यादीत नसलेलं काही आलं की प्रोग्राम ते नंबर एकमध्ये टाकायचा, आणि उरल्यासुरल्याची सगळी बेरीज तिथून निघायची. पुढे नाव बदलू का, असं मीच एकदा विचारलेलं. तो म्हणाला, चालतंय ना, मग हात लावू नकोस, चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस. हा त्याचा नियम. कंपनीत पुढे तो भिंतीवर लावला म्हणे.

मग ते नाव पसरलं. अंबरनाथ, वागळे इस्टेट, भिवंडी, जिथे प्रोग्राम गेला तिथे निवटी गेली. बिनानावाच्या मालाला लोक निवटीच म्हणायला लागले. मी स्वतः एका भैय्या सुपरवायझरला ओरडताना ऐकलंय, "अरे, उसको निवटी में डाल." मी तिथल्या तिथे वळून भिंतीकडे तोंड करून हसलेले.

कंपनी ठाण्याला हलली तेव्हा मी बाळंतपणाला घरी होते. परत आले तर माझ्या खुर्चीत त्याचा मेव्हणा. कंपनी नव्याने रजिस्टर झालेली, भागीदार ते दोघं. मला म्हणाला, तुझं मूल लहान आहे, तू आता फोन घेत जा, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, सोपं काम. आणि ऑफिसात सगळे सर म्हणतात तर तूही म्हण, बरं दिसतं. आयत्या बिळावर नागोबा ऐकलेलं, प्रत्यक्ष बघितला तो टाय लावलेला. मी तीन महिने फोन घेतले, सर म्हटलं, आणि मग एक दिवस निघून आले. भांडले नाही. भांडायला कागदावर माझं काही नव्हतंच, आम्ही मित्र होतो ना. घरी आईला सांगितलं तेव्हा तिला एवढंच कळेना की माझ्या हातचा प्रोग्राम दुसऱ्याचा कसा झाला. "गो, तुजा नाव नाय टाकलान त्यानी?" हे तिने मला किती वेळा विचारलं असेल. दर वर्षी विचारायची. बाजारात कोणी माझ्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, पोरीने कंपनी काढलेली, आणि समोरचा म्हणायचा, कुठली गो? मग ती गप्प. माझा राग एकवेळ मी गिळला असता. तिचं ते गप्प बसणं माझ्या घशात अडकून राहिलं.

तर पान सात. तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'निवटी' या शब्दाची जन्मकथा. संस्थापकांना एका पहाटे हा शब्द सुचला. मूळ शब्द 'निवड'. ज्याची अजून निवड व्हायची आहे, जे बाजूला ठेवलं आहे, ते म्हणजे निवटी. मराठी भाषेला कंपनीने दिलेली ही छोटीशी भेट.

मी पलंगावर आडवी पडून हसले. आधी हसू, मग ठसका, मग पाणी. अरे विद्वाना, खाडी घरापासून रिक्षाच्या अंतरावर, एखाद्या मच्छीवालीला विचारलं असतंस. ते राहू दे, मराठीत निवटणे म्हणजे खलास करणे, तेवढं तरी आठवायचं. पण प्रोग्राम आपला, म्हणजे त्यातला शब्दही आपलाच, हे त्याने इतकं मनापासून मानलेलं की अर्थसुद्धा त्याच्या पोटातून आला.

मी पुस्तक पाठवणाऱ्या त्या कारखानदारांना फोन लावला. ते आमच्याच लोकांतले, जुने गिऱ्हाईक, मी फोन घ्यायचे तेव्हापासूनची ओळख. ते म्हणाले, आम्ही गाववाले इतकी वर्षं समजायचो की साहेबांनी गंमत केली आहे, साहेब मनाने आपल्यातलेच आहेत. मी विचारलं, कंपनीच्या पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात, ठाण्यात, तुमचा सत्कार आहे ना? आहे, म्हणाले, शाल-श्रीफळ. मग दोन शब्द बोलाल ना? ते म्हणाले, काय बोलू ते सांग ताई. मी सांगितलं. योगायोग वगैरे काही नव्हता, सगळं मी जमवलं, आणि जमवताना मला फार छान वाटत होतं.

कार्यक्रमाला मी त्यांच्याबरोबर गेले, नवी साडी नेसून, मधल्या रांगेत बसले. स्टेजवर फुलं, पडद्यावर फोटो, त्यात माझं कोपर पण येऊन गेलं. तो बोलायला उठला. केस पांढरे झालेत, आवाज तोच, तुपात घोळलेला. शेवटी शेवटी निवटीवर आला. पुस्तकातलं सगळं सांगितलं, वर म्हणाला, हा शब्द जन्माला आला तेव्हा माझ्या अंगावर शहारे आले. मागच्या रांगांतून हसू फुटलं. तिथे आमचे बरेच बसलेले, दिवा गावचे, शीळचे, भिवंडीच्या खाडीकडचे. त्याला वाटलं लोक खूश आहेत, तो आणखी रंगला, निवटीपासून आणखी एकदोन शब्द तयार करून दाखवले.

मग सत्कार. कारखानदारांनी शाल सावरली, माईक हातात घेतला. जास्त काही बोलले नाहीत. "साहेब, निवटी आम्ही कालवणात खातो. खाडीतला मासा आहे. आणि तो तुमच्या प्रोग्राममध्ये ज्यांनी सोडला, त्या ताई इथेच बसल्यात."

हॉल हसला म्हणजे काय हसला. त्याने रांगांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी उठले नाही, हात केला नाही. नुसती बघत राहिले. इतकी वर्षं मासळीच्या वासाला नाक मुरडणारा माणूस गावोगाव, पावती फाडून, मासाच विकत होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं, सगळ्यांसमोर. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी येताना गडकरी रंगायतनसमोर आईस्क्रीम खाल्लं.

इथे थांबला असता तर वाचला असता. पण अपमान डोक्यात गेला. कंपनीतल्या एका पोरीने मला नंतर सांगितलं, तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला आणि म्हणाला, ते निवटी मुळासकट काढा. नाव बदलू, इतर असं काहीतरी ठेवू, असं ती म्हणाली, तर ओरडला, बदलायचं नाही, काढायचं. ज्याने भिंतीवर 'चालतंय त्याला हात लावू नका' असं लावलेलं, त्यानेच हात लावला. काढलं. नवीन प्रोग्राम सगळ्या कारखान्यांत गेला, आणि जुन्या गिऱ्हाइकांचा उरलेला माल स्क्रीनवरून गायब झाला. माल गोडाऊनमध्ये पडलेला, प्रोग्राम म्हणतोय उरला शून्य. होणारच. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

कंपनीतल्या पोरांनी निवटी परत घातली, तरी बेरीज जमेना, कारण मी ती कशी बांधलेली ते कोणालाच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. पहिल्यांदाच मला तुम्ही म्हणाला. तुम्ही एकदा ऑफिसला याल का, गाडी पाठवतो. मी म्हटलं, गाडी नको, तूच ये. माझ्या आईच्या घरी, खाडीवर, लॅपटॉप घेऊन. आणि त्या पुस्तकाचं पहिलं पान पण घेऊन ये, तिथे मला एक ओळ हवी आहे. तो हो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

मी काय ठरवलेलं ते सांगते. मी बहिणीला सांगून सकाळीच निवट्या आणवल्या. आईला फोनवर म्हटलं, आज मस्त कालवण कर, दारं-खिडक्या बंद ठेव, तो येईल तेव्हा टोप चुलीवर असू दे. त्याने त्या वासात बसून टाईप केलं पाहिजे. नाकाने कांदे सोलतो ना, आता नाकानेच भोगू दे. मी पोचले तर घरात वास नव्हता. खिडक्या उघड्या, उदबत्ती लावलेली. निवट्या? बहिणीकडे पाठवून दिलेल्या. मी आईवर भडकले, तेवढ्यात तो दारात आला.

खाली चटईवर बसला, लॅपटॉप मांडीवर. पोरांनी घातलेलं आधी काढायला लावलं, मग मी मागे उभी राहून सांगत गेले, तो नव्याने करत गेला. शेवटी नाव टाकायची वेळ आली. त्याची बोटं थांबली. खाली मान घालून त्याने विचारलं, "नि पहिली का दुसरी?"

मी म्हटलं, "पहिली. आणि टी दुसरी. तुला शुद्धलेखन येतं ना रे?"

माल नंबर एक परत जागेवर आला, कारखानदारांनी फोनवर सांगितलं, माल दिसायला लागला. मग पुस्तकाचं पान. मी सांगितलेली ओळ त्याने लिहिली, मी वाचली, बरोबर होती. तोपर्यंत आई कोपऱ्यात बसून होती. ती पुढे सरकली. "बाबा, मना वाचता नाय येत. तू वाचून दाव."

त्याने वाचलं. पहिला प्रोग्राम हिने लिहिला, आला, गेला, उरला हे शब्द हिचे, निवटीही हिचीच. आईने पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. ती मान हलवत ऐकत होती, आणि मला वाटलं, झालं, फिटलं सगळं, आता हा उठेल आणि जाईल.

तो उठलाच होता. आई म्हणाली, "बस. जेवून जा. वरनभात केलाय, दुसऱ्या टोपान. आमचा वास तुला चालत नाय, मना ठावं हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हिला माहीत होतं. मी कधी सांगितलं नव्हतं, तरी तिला माहीत होतं, तेव्हापासून, डबा भरतानासुद्धा. तिने नवं ताट पुसून ठेवलेलं, वरणावर तूप घातलेलं. आतल्या खोलीत, पंख्याखाली.

हॉलमध्ये त्याचं तोंड उतरलं नव्हतं इतकं तिथे उतरलं. बसला. दोन घास खाल्ले, मग हात थांबला.

"मी तुला जिन्यात बसवायचो," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "वरण घे."